खिचडीबरोबर वाढलेला शब्द

लीलाबाईला शासनाच्या कागदात 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणतात. गावात तिला खिचडीवाली बाई म्हणतात. ती स्वतःला काहीच म्हणत नाही, कारण दुसऱ्यांना काय काय म्हणायचं यातच तिची अर्धी दुपार जाते.

मी या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक. सेलूच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत असलेलं गाव, चार वर्ग, एक्केचाळीस मुलं आणि कागदावर दोन शिक्षक. दुसरे शिक्षक कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला असतात. त्यामुळे प्रत्यक्षात शाळेत मोठी माणसं दोनच, मी आणि लीलाबाई. त्यांतल्या कुणावर मुलं जीव टाकतात हे वेगळं सांगायला नको. मला तर ती धड घाबरतही नाहीत.

लीलाबाईचं वय पन्नाशीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत आणि आवाज गावाच्या वेशीपर्यंत. नवरा जिनिंगमध्ये हमाल, मुलगी जया हिंगणघाटला दिलेली. चौदा वर्षं ती या शाळेत रांधते. सकाळी साडेनऊला तिचा गॅस पेटतो आणि दोन वाजता खिचडीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, घासूनपुसून पालथा पडतो. या चौदा वर्षांत तिने एकदाही भात करपवला नाही. आमच्या केंद्रातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाबद्दल, माझ्यासकट, इतकं चांगलं लिहिता येणार नाही.

वाढताना ती गप्प राहू शकत नाही. मुलं व्हरांड्यात ओळीने ताटं घेऊन बसतात, ती गंज ओढत ओळीतून फिरते, आणि दर पळीबरोबर ताटात एक शब्द पडतो. "घे बे बह्याड." "ताट सरळ धर ना वं येडे." "मुडद्या, घरी कोनी जेवाले देत नाई का तुले?" पुनाजीची रीना पहिलीत आहे. गावाच्या कडेला गोंडांची पाच-सहा घरं आहेत, त्यांतली. अंगाने काडी, पण चार पळ्या खाते. तिला दर पळीला नवा शब्द मिळतो, आणि चौथ्या पळीला लीलाबाई म्हणते, "मेले, आता मलेच खाऊन टाक!" रीना हसते आणि ताट पुन्हा पुढे करते.

नवीन होतो तेव्हा मी एकदा हटकलं होतं. म्हटलं, बाई, लेकरांना जेवताना असं बोलू नये. पहिलीतल्या मुलाने अ उलटा काढला की मी पाहतो, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, जेवत्या लेकराले चांगलं म्हनू नये," ती म्हणाली. "नजर लागते. मंग चार दिवस अन्नावर वासना राह्यत नाई त्याची. आमच्या घरी माही सासू तर जेवत्या पोट्ट्याले चोर म्हने, डाकू म्हने."

तान्ह्या बाळाच्या गालाला आई काजळाचं बोट लावते, तसं ती जेवणाऱ्या पोराला एखादा काळा शब्द लावून ठेवते, एवढाच त्यातला हिशेब होता. त्याच आठवड्यात मी चौथीला अंधश्रद्धेवरचा धडा शिकवला होता. तो लीलाबाईलाही शिकवायला हवा होता. पण खिचडी फार चांगली झाली होती, आणि मला दुसऱ्यांदा हवी होती.

असं नऊ वर्षं चाललं. मग अण्णाजींचा धनंजय गावात परत आला.

धनंजय बारा वर्षं पुण्याला एका कंपनीत होता. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तसा तो बायको-मुलीला घेऊन आला आणि बापाच्या घराशेजारी एसीवाली खोली बांधून राहिला. माणूस वाईट नाही. कुणाला उलट बोलत नाही, सगळ्यांना अहो-जाहो करतो आणि आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखं बोलतो. गावातले शहाणे लोक मुलांना व्हॅनने सेलूच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. याने मात्र आपली अंकिता आमच्या दुसरीत घातली. पंधरा ऑगस्टला व्हरांड्यात उभं राहून त्याने पंचवीस मिनिटं भाषण केलं, की मूल मातृभाषेतच फुलतं. मी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण आमचा पट एकाने वाढला होता. मातृभाषा म्हणताना त्याच्या डोक्यात पुण्यातली कुणाची तरी माता होती, हे तेव्हा कळलं नाही. त्याची स्वतःची आई त्या भाषणाला पहिल्या ओळीत बसली होती, आणि तिला त्यातलं अर्धं कळलं नाही.

जानेवारीत त्याचा अर्ज आला. आधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर, मग छापून, सहीनिशी. 'सदर महिला भोजन वाढतेवेळी बालकांना मतिमंद, मृतदेह अशा आशयाचे बोलीभाषेतील अपशब्द उच्चारते. त्यामुळे बालकांच्या कोवळ्या मनावर विपरीत परिणाम होत असून माझी कन्या दि. ९ रोजी रडत घरी आली.' मी तीनदा वाचलं तेव्हा उलगडलं. आमच्याकडे वेड्याखुळ्याला म्हणतात त्या बह्याडचं मतिमंद झालं होतं आणि मुडद्याचा मृतदेह. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही शाळेत एका लेकराला कुणी मतिमंद म्हटलेलं ऐकलं नाही. तो शब्द आमच्या शाळेत आणला तो या सभ्य माणसाने, टंकलिखित.

हा कागद मी कपाटात घातला असता. कपाट त्यासाठीच असतं. पण खाली लिहिलं होतं, 'प्रत माहितीस्तव: गटशिक्षणाधिकारी.' वर प्रत गेलेल्या कागदाला कपाटात घालता येत नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बापूराव यांच्याकडे गेलो.

बापूरावांबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या बोलण्यातून शिव्या वगळल्या तर फक्त क्रियापदं उरतात. बैलाला, ट्रॅक्टरला, पावसाला, भाच्याला, सगळ्यांना ते आई-बहिणीवरूनच हाक मारतात, आणि त्यात राग कुठेच नसतो. त्यांनी अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. ते जे बोलले त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच आहे: "सर, हे लयच वाईट झालं. लेकरायसमोर असं बोलाव का बाईनं?" न लिहिण्यासारखे जे दोन शब्द या वाक्यात होते, ते लीलाबाईने पायावर गंज पडला तरी उच्चारले नसते. अंगणात त्यांची चौथीतली मुलगी रोशनी गृहपाठ करत होती.

बापूरावांना वाईट वाटण्याला आणखी एक कारण होतं. त्यांची धाकटी वहिनी सपना तीन वर्षं आमच्या गॅसवर डोळा ठेवून होती. स्वयंपाकीण ठेवायची की बदलायची हे समितीच्या ठरावावर असतं. आजवर लीलाबाईला हलवायला काही निमित्तच नव्हतं, भात करपत नव्हता ना!

शनिवारी सभा ठरली. तोवर बाईला समज द्या, असं बापूराव म्हणाले. मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेलो. लीलाबाई डाळ धूत होती.

"बाई, तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. शनिवारपर्यंत मुलांशी जरा सभ्य भाषेत बोला."

"सभ्य मंजे कसं?"

"म्हणजे आदरानं. चांगल्या घरात बोलतात तसं."

"माह्या घरी काय वाईट बोलतेत?" ती म्हणाली. मग डाळीतलं पाणी काढत विचारलं, "नाई बोललं तं काढतीन का मले?"

मी म्हणालो, काढू शकतात. तिने डाळीत पुन्हा पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी तिने पदर डोक्यावरून घेतला, गंज ओढला आणि पहिल्याच ताटासमोर उभी राहून म्हणाली, "या रीनाबाई. बसा. थोडी खिचडी घ्या." रीनाने मागे वळून पाहिलं, कोण रीनाबाई आली ते. मागे भिंत होती. मग तिचा खालचा ओठ हलायला लागला.

आमच्याकडे भांडण झालं की आधी 'बे' जातो, मग 'तू' जातो, आणि 'तुम्ही' आलं की समजायचं, आता या घरचं त्या घरी हळदीकुंकूसुद्धा जाणार नाही. मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. लीलाबाई ओळीतून "तुम्ही घ्या, आपन घ्या" करत गेली आणि तिच्यामागे ओळ थंड पडत गेली. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या दोघांनी शेडसमोर उभं राहून कबुली दिली, की दिवाळीच्या आधी बाईच्या अंगणातली लिंबं त्यांनीच तोडली होती. तिसऱ्या दिवशी रोशनीने घरून शाळेचा एक स्टीलचा चमचा आणून मुकाट्याने परत ठेवला. अर्धा गंज खिचडी उरू लागली. चौथ्या दिवशी मुलांचं शिष्टमंडळ माझ्या टेबलापाशी आलं.

"सर, बाई मरनार हाये का?"

मी म्हणालो, नाही, बाई सभ्य बोलते आहे. त्यांना ते पटलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात सभा भरली. समितीचे सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले. अण्णाजी, म्हणजे धनंजयचे वडील, समितीवर 'शिक्षणप्रेमी' या जागेवर आहेत. ते खिडकीपाशी बसले. अजून खिचडी वाढायची होती, म्हणून मुलं गेली नव्हती. विषय नाजूक, तेव्हा मुलांना बाहेर काढा, असं धनंजयने सांगितलं. मी काढलं. दोन मिनिटांत खिडक्यांच्या गजांना एक्केचाळीस नाकं लागली.

धनंजयने अर्ज वाचला. बापूरावांनी विचारलं, "पन बाई नेमकं म्हनते काय, ते तं सांगा."

"ते शब्द मी उच्चारू शकत नाही," धनंजय म्हणाला. त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. चिठ्ठी बाकांवरून फिरत गेली. शेवटच्या बाकावरच्या सदाशिवरावांना चष्म्याशिवाय जवळचं नीट दिसत नाही, आणि ऐकूही कमी येतं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली आणि शाळेला ऐकू जाईल असं वाचलं, "बह्याड! मुडद्या! येडी! मंग? पुढं काय?"

गजांमागे खसखस पिकली. पुढचा पाऊण तास मुलांसमोर कोणते शब्द बोलू नयेत याची चर्चा, ते सगळे शब्द मुलांसमोर दहा-दहादा बोलून झाली. मुडद्या ही शिवी धरायची की नाही यावर तीन मतं पडली. येडी चालेल, येडपट नको, असं एकजण म्हणाला. त्याला का ते विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. बापूरावांनी, शिव्या देणाऱ्यांची काय गत करायला हवी, हे शिव्या देऊन सांगितलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे बंदी कशी पाळायची असते हे इथे सगळ्यांनाच चांगलं येतं.

लीलाबाई फळ्याजवळ उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णाजी बोलले. "धनू, तुले मी छत्तीस वर्सं बह्याडच म्हनून राह्यलो. तुयं काय वाकडं झालं बे?"

धनंजयचा चेहरा लाल झाला. तो पहिल्यांदा कागद खाली ठेवून बोलला.

"बाबा, पुण्यात पहिल्याच दिवशी मी मीटिंगमध्ये 'मले वाटते' म्हणालो. त्यानंतर वर्षभर त्या ऑफिसात मला कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए मले, इकडे ये.' चहा आणताना, काम देताना, सगळ्यांसमोर. मी रात्री खोलीत आरशासमोर उभा राहून 'मला' म्हणायची सवय केली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. तुम्ही म्हणता, प्रेमानं म्हटलं. तिथं हे प्रेम कोणी मोजत नाही. माझ्या मुलीला हे नको आहे, एवढंच."

मला त्याचं खरंच वाईट वाटलं. ज्यांनी त्याला वर्षभर छळलं ती माणसं पुण्यात पगारवाढ घेत बसली असतील, आणि त्यांचा जाब तो आमच्या खिचडीवालीला विचारत होता. हे मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी इतिवृत्तात 'अर्जदाराने आपली बाजू मांडली' असं लिहिलं.

मग माफीनामा निघाला. मसुदा माझाच. 'मी बालकांना शिवीगाळ केली, त्याबद्दल दिलगीर असून यापुढे करणार नाही.' सही केली तर नोकरी राहील, नाहीतर सपनाबाई सोमवारपासून येतील, असं बापूरावांनी सांगितलं. मी कागद आणि पेन लीलाबाईपुढे धरलं. तिने मला तो वाचून दाखवायला लावला, दोनदा.

"यापुढं नाई म्हननार, हे लिहून देतो मी," ती म्हणाली. "चार दिवस नाई म्हनलं, आनखी नाई म्हनीन. मले जमलं नाई तं तोंडाले पट्टी बांधीन. पन 'शिवीगाळ केली' हे खोडा."

"बाई, तो नुसता शब्द आहे," मी म्हणालो.

"मंग मीही नुसता शब्दच म्हनलता ना मास्तर?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "चौदा वर्सं लेकरं जेवू घातले म्या. त्यायले शिव्या देल्ल्या असं माह्या सहीनं लिहून ठेवू? उद्या जयाच्या सासरी कोनी इचारलं, तुही माय काऊन घरी बसली, तं काय सांगन ती? काढाचं तं काढा. हे नाई लिहून देत."

बापूरावांना हेच हवं होतं. त्यांनी हात झटकले. पण अण्णाजी म्हणाले, "थांबा. ज्या पोरीवरून हे सारं सुरू झालं तिले तं इचारा." धनंजयने मान डोलावली. त्याला खात्री होती.

अंकिताला आत बोलावलं. सात वर्षांची, दोन वेण्या, पांढरे मोजे. आमच्या शाळेत मोजे घालणारी एकटीच. ती बापाकडे पाहत उभी राहिली.

"सांग बेटा," धनंजय म्हणाला, "त्या दिवशी तू रडत का आलीस? घाबरू नकोस. फक्त ते शब्द उच्चारू नकोस."

"लीलाबाई सगळ्यांना..." ती अडली. तो शब्द गाळून पुढे कसं जायचं ते तिला कळेना. "सगळ्यांना तसं म्हणते. रीनाला म्हणते. रोशनीताईला म्हणते."

"आणि तुला?"

"मला नाही म्हणत." तिने वेणीचं टोक मुठीत धरलं. "मला म्हणते, 'घ्या बेटा.' बस. मग रोशनीताई म्हणाली, तू बाईची आवडती नाही. मी घरी येऊन सांगून राह्यली होती, तर तुम्ही तो शब्द ऐकला आणि तोंड धुवायला पाठवलं. पुढचं कोनी ऐकलंच नाई." आता तिची शुद्ध भाषा संपली आणि ती रडायलाच लागली. "साऱ्यायले म्हनते. मलेच काऊन नाई म्हनत?"

मी रोज त्या व्हरांड्यात उभा असतो. एक्केचाळीस ताटांतलं एक ताट कोरडं जातं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. लीलाबाई खाली मान घालून म्हणाली, "मोठ्या मानसाची पोरगी. मले भेव वाटे. म्हनून जिभेले लगाम घातला होता."

मला वाटलं, संपलं. आता धनंजय अर्ज मागे घेईल, आणि खिचडी गरम आहे तोवर सगळे उठतील. धनंजय मुलीकडे पाहत राहिला. मग तो शांतपणे म्हणाला, "बघितलंत? हाच तो परिणाम. माझी मुलगी आता अपशब्दाची मागणी करते आहे."

शिकलेल्या माणसाचं हे एक असतं, त्याच्या विरुद्ध गेलेला पुरावाही तो आपल्याच फायलीत लावतो. बापूराव तर उभेच राहिले. "बाई, शेवटचं इचारतो. सही करता का नाई?"

लीलाबाईच्या हातात पेन होतं. अंकिता तिच्यासमोर नाक पुसत उभी होती. लीलाबाईने पेन माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चाल वं बह्याड," ती म्हणाली. "कायले रडून राह्यली मुडद्यावानी? खिचडी थंडी झाली. ताट घे आपलं, आन त्या रीनीच्या बाजूले बस."

आणि ती तिला घेऊन बाहेर गेली. खिडकीतली नाकं एका क्षणात नाहीशी झाली. व्हरांड्यात ताटांचा असा आवाज झाला की चार दिवसांनी शाळा पुन्हा भरली आहे असं वाटावं. लीलाबाईचा आवाज येत होता, आणि ती चार दिवसांचं सगळं उरलंसुरलं बोलून घेत होती. अंकिताने तीन पळ्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण वर्गात मला कुणाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

"समितीसमोर शिवी देली," बापूराव म्हणाले. "लिहा सर."

मी लिहिलं. 'सदर महिलेने सभेच्या उपस्थितीत बालिकेस अपशब्द वापरला. सबब सेवा समाप्त करण्यात येत आहे.' हात वर झाले. अण्णाजींनी हात वर केला नाही, पण नको असंही म्हटलं नाही, चष्मा पुसत बसले. धनंजयने अर्जदार म्हणून सही केली. व्हरांड्याकडे त्याने एकदाच पाहिलं. ठरावावर पहिली सही सचिवाची लागते, म्हणजे माझी. मी त्या जागी 'हा अपशब्द नव्हे' असं लिहिलं असतं तर ठराव अडला असता, वर पत्र गेलं असतं, चौकशी लागली असती. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मी सही केली. माझी सही चांगली आहे, लोक तसं म्हणतात.

लीलाबाईने त्या दिवशीचा गंज नेहमीसारखा घासला. जाताना शेडची किल्ली माझ्या हातात दिली.

"मास्तर, मीठ खालच्या डब्यात हाये. वरच्यात खाचा सोडा हाये. नव्या बाईले सांगजा, घोटाळा होईन."

मला तिची माफी मागायची होती. मी "बरं" म्हणालो.

सोमवारी सपनाबाई आल्या. नवी साडी, गोड आवाज. "घ्या हं बाळांनो. अगं बाई, किती छान जेवतेस गं तू!" असं रीनाला म्हणाल्या. रीनाने ताट मागे घेतलं आणि दुसरी पळी मागितली नाही. किल्ली देताना डब्यांचं सांगायचं मी विसरलो होतो. खिचडीला सोड्याची चव होती. बाकीच्यांनी ती कशीबशी खाल्ली.

अंकिता ताटाला हात न लावता बसली होती. मी तिच्यापाशी गेलो, वाकलो, आणि जेवढं गोड बोलता येतं तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "अंकिता बेटा, का जेवत नाहीस?"

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. ओळीतली सगळी मुलं थांबली.

"बह्याड," ती म्हणाली.

नऊ वर्षं मी हा शब्द रोज दुपारी ऐकत होतो. शिवी म्हणून तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि ती योग्य माणसाला दिली होती.